मॅडम ऑपरेशनमध्ये, लॉगिन काउंटरवर

प्रश्न : तालुक्याच्या गावात स्वतःचं रुग्णालय असलेल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"आमचं बावीस खाटांचं रुग्णालय आहे. मी आणि मिस्टर (ते हाडांचे डॉक्टर) मिळून चालवतो. ओपीडीचं सॉफ्टवेअर वेगळं, लॅबचं वेगळं, सोनोग्राफीच्या इमेज तिसरीकडे, मेडिकलचं बिलिंग चौथीकडे. चारांचे चार पासवर्ड, आणि ते सगळे की-बोर्डखाली चिकटवलेल्या कागदावर. आठ महिन्यांपूर्वी सिंगल साइन-ऑन (एसएसओ) घेतलं. एकदाच लॉगिन, सगळं उघडतं. स्टाफ खूश, मीही खूश. गेल्या महिन्यात एका पेशंटचा रिपोर्ट तिच्या सासरच्यांपर्यंत पोचला. तिने घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. रिपोर्ट कोणी उघडला ते बघितलं, तर नोंद माझ्याच नावाची, सकाळी ११.४० ची. त्या वेळी मी सिझेरियन करत होते. स्टाफला विचारलं तर सगळे गप्प. अठरा वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या आमच्या ताई रडायलाच लागल्या, 'मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का?' मिस्टर म्हणतात, काउंटरवर कॅमेरा लावू. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, कार्ड टेकवून लॉगिन करायचं मशीन घ्या. मला वाटतं, हे एसएसओ काढून टाकावं आणि जुने पासवर्ड परत आणावेत. काय करू?"

डॉक्टर,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा मागे जाऊन वाचलं. 'एकदाच लॉगिन, सगळं उघडतं.' तुम्ही ते कौतुकाने लिहिलंय. माझी शंका मात्र त्याच वाक्यावर आहे.

११.४० ला रिपोर्ट कोणी उघडला, हे तुम्ही सगळ्यांना विचारलंत. त्याआधी स्वतःला विचारा, त्या दिवशी सकाळी लॉगिन कोणी केलं? मी तिथे नव्हते, पण अशी बरीच रुग्णालयं पाहिली आहेत, म्हणून अंदाज सांगते. तुम्ही नऊ-सव्वानऊला आलात. राउंडला जाण्याआधी काउंटरच्याच कॉम्प्युटरवर कालचे दोन रिपोर्ट बघितलेत. तेवढ्यात लेबर रूममधून सिस्टरांची हाक आली. तुम्ही उठून गेलात, तुमचं नाव मात्र त्या खुर्चीत बसून राहिलं.

सिंगल साइन-ऑनमध्ये ओळख एकाच ठिकाणी पटवायची असते. ते ठिकाण म्हणजे रुग्णालयाच्या फाटकावरचा वॉचमन समजा. तुम्ही पासवर्ड दिलात की तो ब्राउझरच्या खिशात एक चिठ्ठी टाकतो. नंतर लॅबचं सॉफ्टवेअर उघडलं की ते वॉचमनला विचारतं, 'कोण आलंय?' वॉचमन चिठ्ठी बघून सांगतो, 'मॅडम.' खुर्चीत कोण बसलंय हे त्याला दिसत नाही. जुन्या व्यवस्थेत लॅबचं सॉफ्टवेअर निदान स्वतःचा पासवर्ड तरी मागायचं. आता तेही मागत नाही, कारण न मागण्यासाठीच तर तुम्ही पैसे मोजलेत.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. समजा, ताईंनी शिस्तीत ओपीडीच्या सॉफ्टवेअरमधून 'लॉगआउट' दाबलं. ते सॉफ्टवेअर बंद झालं, पण वॉचमनची चिठ्ठी खिशात तशीच राहिली. पाच मिनिटांनी त्यांनी लॅब उघडली, तर ती पुन्हा 'मॅडम' म्हणूनच उघडली. त्यांना वाटतं आपण बाहेर पडलो, मॅडमना वाटतं त्या बाहेर पडल्या, आणि नोंदवहीत मॅडम दिवसभर काउंटरवर बसलेल्या असतात. बऱ्याच ठिकाणी एका सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलं म्हणून बाकीची बंद होत नाहीत. हे आजच करून बघा. ओपीडीतून लॉगआउट करा आणि लॅब उघडा. पासवर्ड न मागता उघडली, तर ११.४० चं अर्धं कोडं सुटलं.

उरलेलं अर्धं कोडं कॉम्प्युटरचं नाहीच. घरचं कोणीतरी बिल भरायला आलं, 'रिपोर्ट पण द्या' म्हणालं आणि घाईच्या वेळी तो दिला गेला, असंही झालं असेल. तो रिपोर्ट कसला होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. पण तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ आहात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५अ आलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगता येत नाही आणि सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदाही गोपनीयतेबद्दल असाच कडक आहे. काउंटरवर हे कोणी कधी सांगितलंय का? बहुतेक ठिकाणी काउंटरला फक्त 'बिल क्लिअर असेल तरच रिपोर्ट द्यायचा' एवढंच शिकवलेलं असतं. रिपोर्ट पेशंटच्याच हातात, किंवा तिने नाव लिहून दिलेल्या माणसाच्या हातात, ही साधी सूचना कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय उद्यापासून लागू होते.

आता जुने पासवर्ड परत आणण्याबद्दल. आणू नका. की-बोर्डखालचा कागद सगळ्यांना पाठ होता. तेव्हा नोंद 'रिसेप्शन' अशी पडायची आणि रिसेप्शन म्हणजे कोणीही. तेव्हाही रिपोर्ट बाहेर जात असतील, तुम्हाला पत्ता लागत नव्हता इतकंच. आज नोंद चुकीची आहे, पण ती चुकीची आहे हे तुम्हाला कळलं तरी. कारण एकच माणूस ऑपरेशन टेबलापाशी आणि काउंटरवर असू शकत नाही.

एसएसओचा फायदा कशात, याबद्दलही थोडी गल्लत झालेली दिसते. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२० मध्ये तिथल्या सरकारने आरोग्यसेवेतला लॉगिनचा वेळ कमी करण्यासाठी चार कोटी पौंड जाहीर केले. तेव्हा उदाहरण दिलं होतं लिव्हरपूलच्या ॲल्डर हे बालरुग्णालयाचं. तिथे लॉगिनला एक मिनिट पंचेचाळीस सेकंद लागायचे, ते एसएसओनंतर दहा सेकंदांवर आले. दिवसाला जवळपास पाच हजार लॉगिन, म्हणजे रोज एकशे तीस तासांहून जास्त वेळ वाचला. या आकड्यांत सगळे वाचलेले तास बघतात. मी ते पाच हजार बघते. तिथे लोक सकाळी एकदा शिरून बसून राहत नाहीत. दिवसभर येतात, जातात, पुन्हा येतात, आणि दर वेळी स्वतःच्या नावाने. लॉगिन इतकं स्वस्त झालं की दुसऱ्याच्या नावावर काम उरकण्याची गरजच उरली नाही. तुमच्याकडे लॉगिन कमी झालं, स्वस्त झालं नाही.

स्टाफ दुसऱ्याचं लॉगिन वापरतो तो बेफिकीर असतो म्हणून, हे मलाही एकेकाळी पटायचं. मी एका मोठ्या रुग्णालयात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते, तेव्हाची गोष्ट. आयसीयूतल्या कॉम्प्युटरना मी एका मिनिटाचं आपोआप लॉक लावलं आणि वर स्वतःवर खूशही झाले. आठवड्याने राउंडला गेले तर एक कॉम्प्युटर कधीच लॉक होत नव्हता. जवळ जाऊन बघितलं, तर माउस एका जुन्या मनगटी घड्याळावर ठेवलेला. सेकंदकाटा फिरला की माउसला वाटायचं कोणीतरी हलवतंय. सिस्टरांना ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. एका हातात सक्शनची नळी, दुसऱ्या हातात ग्लोव्ह, आणि समोर मॉनिटर वाजतोय. एसी केबिनमध्ये बसून एक मिनिट ठरवणारी मी, तिथे पासवर्ड टाइप करणाऱ्या त्या. त्यांनी केलं ते चूक होतं. पण ते घड्याळ तिथे माझ्यामुळे आलं होतं.

म्हणून पहिलं काम : एका सकाळी, ओपीडीच्या ऐन गर्दीत, काउंटरमागे कोणाला तरी वही-पेन घेऊन बसवा. त्या कॉम्प्युटरसमोर माणूस बदलला की एक रेघ. ताई उठल्या, सिस्टर आली, एक रेघ. सिस्टर गेली, मेडिकलचा मुलगा आला, आणखी एक. दहा ते बारामध्ये पन्नास रेघा झाल्या आणि लॉगिनला चाळीस सेकंद लागत असतील, तर नियम पाळायचे म्हणजे काउंटर अर्धा तास बंदच. असा नियम कोणीही पाळणार नाही, तुम्ही-मी सुद्धा नाही. रेघा पाचच निघाल्या, तर कार्डाच्या मशीनचा खर्च वाचला.

सॉफ्टवेअरवाला चुकीचं सांगतोय असं नाही. पुष्कळ रेघा निघाल्या तर कार्ड हा चांगला उपाय आहे. ड्यूटी सुरू होताना कार्ड आणि पिन, पुढे दिवसभर नुसतं कार्ड टेकवायचं. पण पैसे देण्याआधी त्याला समोर बसवून करून दाखवायला लावा. ताईंनी कार्ड टेकवलं, लॅब उघडली. आता सिस्टरनी त्यांचं टेकवलं. लॅबमध्ये वरच्या कोपऱ्यात नाव कोणाचं दिसतं? सिस्टरचं दिसायला हवं. ताईंचंच राहिलं, तर कार्डाने फक्त कॉम्प्युटरचं कुलूप उघडतंय, आतला ब्राउझर सगळ्यांचा एकच आहे आणि तुमचा प्रश्न जिथल्या तिथे. आधी एकट्या काउंटरलाच बसवा, महिनाभर वापरा, मग बाकीचं. आणि कार्ड खिळ्याला टांगलेलं दिसलं तर समजा, की-बोर्डखालचा कागद परत आला. बोटांच्या ठशांचं मशीन म्हणाल, तर ग्लोव्ह आणि सॅनिटायझरपुढे ते रुसतं, लेबर रूममध्ये त्याच्या भरवशावर राहू नका.

मशीन घ्या न घ्या, लॉकची वेळ जागेप्रमाणे ठरवा. काउंटरला दोन-तीन मिनिटं, तुमच्या केबिनमध्ये दहा. सोनोग्राफीच्या खोलीत प्रोब हातात असताना पडदा काळा होऊन चालणार नाही, तिथे खोलीचं दार हेच लॉक. वॉचमनच्या चिठ्ठीची मुदत एका ड्यूटीपुरती, जास्तीत जास्त बारा तास. कितीतरी ठिकाणी ती तीस दिवस ठेवलेली मी पाहिली आहे. आणि काउंटरच्या ब्राउझरने 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' विचारलं की उत्तर कायम नाही.

दुसरा पुरावा, म्हणजे ओटीपी किंवा तत्सम काही, कोणाच्या फोनवर जातो? सगळ्यांचे ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येत असतील आणि ऑपरेशन थिएटरच्या दारातून 'मॅडम, ओटीपी सांगा' अशी हाक येत असेल, तर ते बंद करा. ज्याचं लॉगिन त्याचा पुरावा. पण ओटीपीच नको म्हणून तो काढूनही टाकू नका. एका चावीने चार खोल्या उघडतात, तेव्हा ती चावी चोरीला जाणं चौपट महाग पडतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये बिलांचे व्यवहार सांभाळणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीवर सायबर हल्ला झाला, देशभरातली मेडिकल दुकानं आणि दवाखान्यांची बिलं अडकली. तिच्या मालक कंपनीच्या प्रमुखांनीच सिनेटसमोर सांगितलं, चोरलेल्या लॉगिनने हल्लेखोर बाहेरून आत शिरले आणि त्या दारावर दुसरा पुरावा मागितला जात नव्हता. स्टाफपैकी कोणाला मोबाइल वापरायचा नसेल, तर यूएसबीची छोटी सुरक्षा-किल्ली मिळते, ती ओळखपत्राच्या दोरीत अडकवता येते.

सॉफ्टवेअरवाल्याशी बोलाल तेव्हा तीन गोष्टी नक्की विचारा. आधी बाहेर पडलेल्या माणसांची. रात्रीचे आरएमओ (निवासी डॉक्टर) चार महिन्यांत बदलतात, सिस्टर लग्न होऊन जातात, भूलतज्ज्ञ चार रुग्णालयांत फिरतात. एका जागी नाव बंद केलं की चारही सॉफ्टवेअरमध्ये बंद होतं, हे एसएसओचं खरं सुख. पण ते ऐकून घेऊ नका, करून बघा. 'चाचणी सिस्टर' नावाचं खातं काढा, मोबाइलवर त्याने लॅब उघडा, मग ते खातं बंद करा आणि मोबाइलवर रिपोर्ट किती वेळ दिसत राहतात ते घड्याळ लावून मोजा. आधी उघडलेलं सत्र तासन्‌तास चालू राहू शकतं. दुसरी गोष्ट, प्रत्येक सॉफ्टवेअरचे जुने पासवर्ड अजून जिवंत आहेत का? असतात. पुढचं दार बदललं, मागचं तसंच राहिलं. आणि तिसरी, ही सगळी व्यवस्था कोणाच्या नावावर आहे? मुख्य खातं, रुग्णालयाच्या ईमेलचं डोमेन, हे पुष्कळदा सॉफ्टवेअरवाल्याच्या स्वतःच्या मेलवर काढलेलं असतं. माणूस भला असेल, पण उद्या त्याने धंदा बदलला तर तुमच्या फाटकाची किल्ली त्याच्या घरी. ती आपल्या नावावर करून घ्या, त्याला काम असेल तेवढ्यापुरतीच द्या.

एसएसओ 'कोण' ते सांगतं. त्या माणसाला काय दिसावं, हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं ठरवावं लागतं. काउंटरला अपॉइंटमेंट आणि बिल पुरे. ताईंना स्वतःच्या नावाने लॉगिन दिलंत आणि सगळे रिपोर्ट उघडे ठेवलेत, तर नुसती नोंद तेवढी सुधारेल.

सरकारी पोर्टलं यात बसत नाहीत. क्षयरुग्णांच्या नोंदीचं निक्षय, जन आरोग्य योजनेचं, गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली भरायचा सोनोग्राफीचा फॉर्म एफ, विमा कंपन्यांची आपापली. त्यांचे पासवर्ड वेगळेच राहणार. त्यासाठी चांगला पासवर्ड मॅनेजर घ्या, म्हणजे कागद तरी जाईल. फॉर्म एफचं लॉगिन मात्र कोणाकडेही देऊ नका, तिथे चुकलेल्या एका रकान्याचं उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं.

आणि इंटरनेट गेलं तर? रस्ता खणणाऱ्या जेसीबीने केबल तोडली की वॉचमनच गायब. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या रुग्णालयात सुमारे दोन आठवडे कागदावर कारभार चालला. तुम्ही छापील केसपेपरचा एक गठ्ठा ठेवा. दोन आणीबाणीची खाती काढा, त्यांचे पासवर्ड पाकिटात घालून, पाकिटावर तुमची आणि मिस्टरांची सही करून, जिथे शेड्यूलची (कायद्याने नियंत्रित औषधांची) इंजेक्शनं कुलपात असतात तिथे ठेवा. पाकीट फोडलं की रजिस्टरमध्ये नोंद. तीन महिन्यांतून एकदा फोडून ते चालतंय का बघा आणि पासवर्ड बदलून नवं पाकीट ठेवा.

ज्यांनी अजून एसएसओ घेतलेलं नाही, अशा डॉक्टरांनाही एक सांगते. गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ईमेल सेवा घेतली असेल, तर वॉचमनचं काम तीच करू शकते, वेगळा खर्च न करता. फक्त तुमचं रुग्णालयाचं सॉफ्टवेअर सॅमल (SAML) किंवा ओपनआयडी कनेक्ट ही वॉचमनशी बोलायची भाषा बोलतं का, हे लेखी विचारा. काही कंपन्या ही सोय सगळ्यात महाग पॅकेजमध्येच ठेवतात, तिथे घासाघीस करा.

मिस्टरांच्या कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. कॅमेऱ्याला ताईंचा चेहरा दिसेल, पडद्यावरचा रिपोर्ट नाही. वर काउंटरशी दबक्या आवाजात बोलणाऱ्या बायकांचं चित्रण सांभाळायची नवी जबाबदारी येईल. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत ढिलाई केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. बावीस खाटांच्या रुग्णालयाला एवढा दंड होईल असं मला वाटत नाही, पण कोणी काय उघडलं याची नोंद निदान वर्षभर ठेवा.

आता ताई. अठरा वर्षांनी 'वेगळं लॉगिन घ्या' ऐकलं की ते लागतं, हे खरंच आहे. पण तुमच्याच वॉर्डात सिस्टर रोज ओव्हर देतात-घेतात, कुलपातलं इंजेक्शन काढताना वेळ घालून सही करतात. त्यांना कधी वाटलं का, मॅडमचा आपल्यावर विश्वास नाही? ती सही त्यांना सांभाळते. ११.४० ला ताई कदाचित डबा खात असतील, कदाचित बँकेत गेल्या असतील. आज ते त्यांना सिद्ध करता येत नाही, कारण काउंटरवरचं सगळंच तुमच्या नावाने घडतं. त्यांना हे असंच सांगा, सगळ्यांसमोर नाही, केबिनमध्ये, चहा मागवून. आणि सुरुवात 'माझं लॉगिन मी उघडं ठेवून गेले' इथून करा. कारण तसंच झालं असणार. मग नवं कार्ड पहिलं त्यांच्या हातात द्या, आणि दुसरं स्वतःच्या गळ्यात घाला. मॅडम कार्ड न टेकवता सिस्टरच्या लॉगिनवर रिपोर्ट बघताना एकदा दिसल्या, की सगळं मुसळ केरात.

एका गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. त्या पेशंटशी तुम्ही बोललात का? वकिलांना विचारायचं असेल तर विचारा, पण त्यात महिना घालवू नका. तिला फोन करा, दुपारी, घरी बाकी कोणी नसेल अशा वेळी. चूक आमच्या रुग्णालयातून झाली एवढं आधी सांगा. 'सिस्टीममध्ये प्रॉब्लेम होता' म्हणू नका. आणि तो फोन काउंटरवरून लावून घेऊ नका, नंबर स्वतःच्या हाताने लावा.